नुसता ये

"झालं का रे? की आज भिंतच काढून नेतोस?"

आतल्या खोलीतून कंडक्टरचा आवाज आला. पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली होती, हात गेला, पाय गेला, पण जीभ तेवढी शाबूत राहिली. बोलणं थोडं जड झालं होतं खरं, तरी कमी झालं नव्हतं. उलट बाकीच्या अंगातली सगळी ताकद तिथेच जाऊन बसली असावी, असं त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं.

मेस्त्री बाथरूमच्या ओल्या फरशीवर उकिडवा बसून नळाला पाना लावत होता. "वायसर गेलाय," तो तिथूनच ओरडला. "परवा तर नवा टाकला होता. हल्ली मालच असा येतो."

"मालाला नावं ठेवू नकोस. आम्हीही जुनाच माल आहोत. इकडे ये आणि आम्हालाही आवळ जरा."

स्वयंपाकघरात वहिनी हसल्या. त्यांनी चहाचे दोन कप आणून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवले, आणि खुर्ची पलंगाला लागून ओढली. मेस्त्री हात पुसत आला, कप उचलला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच घोट घ्यायला लागला.

"बस की," कंडक्टर म्हणाला.

"नको, हात ओले आहेत."

"तू हातांवर बसतोस का?"

"अरे, पलीकडच्या इमारतीत मोटर बंद पडलीय. लोक खोळंबलेत पाण्यासाठी."

"लोकांना पाणी पाहिजे, कबूल. पण मला तुला एक गोष्ट सांगायची होती."

"सांग की. ऐकतोय मी."

"दारात उभं राहून ऐकायची नाही ती. बसून ऐकायची आहे."

"मग पुढच्या खेपेला," असं म्हणून मेस्त्रीने कप रिकामा केला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो जिना उतरलासुद्धा. मागून वहिनींचा आवाज आला, "भावजी, बिस्किटं तरी..." पण तोवर तो रस्त्याला लागला होता.

दोघांची ओळख चर्चच्या शाळेतली. एका बाकावर बसायचे. एकाचं तोंड चालायचं, दुसऱ्याचे हात. शिक्षा मात्र दोघांना मिळून व्हायची. पुढे एक शहराच्या बसवर कंडक्टर झाला. त्याच्या बसची वाट बघत लोक रिकामी बस सोडून द्यायचे, असं तो स्वतः सांगायचा. त्यातलं अर्धं जरी खरं धरलं तरी खूप होतं. दुसरा नळ, मोटर, पंखे, वायरिंग, जे पडेल ते करायला लागला आणि सगळ्या वस्तीचा मेस्त्री झाला.

रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये, पण एकत्र नाहीत. कंडक्टर शेवटून दुसऱ्या रांगेत बसायचा आणि शेजारच्या जागेवर गाण्यांचं पुस्तक ठेवून ती मेस्त्रीसाठी धरायचा. मेस्त्री मागच्या दाराशी, नाहीतर लाउडस्पीकरच्या पेटीपाशी. पंखा कुरकुरतोय का, माइक खरखरतोय का, टाकीत पाणी चढलं का. शेवटच्या गाण्याला तो येऊन त्या जागेवर टेकायचा, आणि कंडक्टर कुजबुजायचा, "आलात? गाडी डेपोत पोचली."

मेस्त्री देवाला मानत नव्हता असं नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की प्रीती तोंडाने दाखवायला ज्याला येते त्याने दाखवावी. आपल्याला पान्याने येते. आणि ते खोटंही नव्हतं. वस्तीतल्या कुठल्या आजाऱ्याच्या घरी त्याचा हात लागला नव्हता? कुणाची खिडकी, कुणाचा गीझर. पण खोलीत आजारी माणूस असला की त्याचे डोळे भिंतीवरून, छतावरून, बटणांवरून फिरत राहायचे. माणसाकडे वळायचे नाहीत.

त्यालाही एक कारण होतं. तो तरुण असताना त्याची आई गेली. सगळी दुपार तो तिच्या उशाशी बसून होता. "काय करू, आई?" असं तो पुन्हापुन्हा विचारत होता, आणि आई नुसती त्याच्याकडे बघत होती. करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दुपारी मांडीवर पडलेले आपले रिकामे हात त्याला इतके परके वाटले, की त्यानंतर आजारी माणसासमोर ते तसे ठेवायची त्याची छातीच झाली नाही.

कंडक्टर पडला तेव्हा मात्र मेस्त्रीने हातांना विसावा दिला नाही. पलंगाचे पाय उंच केले. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जाता यावं म्हणून नळीचा कठडा ठोकला. छताला कप्पी लावून दोरी सोडली, म्हणजे उजव्या हाताने ओढून उठून बसता येईल. आणि उशाशी बटण, स्वयंपाकघरात घंटा. पाळकांनी ते बघितलं आणि पुढच्या रविवारी उपदेशातच सांगितलं, "प्रीती कशी असते ते पाहायचं असेल तर आपल्या या बंधूंचं काम जाऊन बघा." सगळ्यांनी माना वळवल्या. मेस्त्री तेवढ्यात फ्यूज बघायला बाहेर गेला होता.

कंडक्टरला ती घंटा आवडली. दिवसभर वाजवून त्याने वहिनींना वैताग आणला. पण मेस्त्रीला म्हणाला, "घंटा झकास आहे रे. खोट एकच. वाजवली की बायको येते. तू कुठे येतोस?"

"मी येतोच आहे की आठवड्याला."

"तू येत नाहीस. तुझी पिशवी येते."

मेस्त्री हसला आणि कप्पीला तेल घालायला लागला.

त्यानंतर त्या घराला काय झालं कोण जाणे. सतत काहीतरी बिघडायला लागलं. कधी नळ गळायचा, कधी दाराची कडी निखळायची, कधी पंख्याचं बटण सैल होऊन हलायचं. मेस्त्री आपल्या बायकोजवळ कुरकुर करायचा. "कळतच नाही मला. मी बसवलेला स्क्रू कधी सुटत नाही. त्यांच्याच घरात सुटतात."

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. ती म्हणाली, "सुटू देत. तुम्ही गेलात की जरा बसत जा तिथे."

"बसून काय करू?"

"काही करू नका. बसा."

"तुला सोपं आहे. तुला बोलता येतं."

"मी कुठे बोलते तिथे? तेच बोलतात. मी भाजी निवडते आणि हं हं म्हणते."

मेस्त्रीला ते पटलं नाही असं नाही, पण पटलं आणि राहून गेलं.

त्या दिवशी तो चर्चच्या गच्चीवर होता. दुसऱ्या दिवशी तिथे लग्न होतं आणि नेमका पंप पाणी ओढेनासा झाला होता. पंप उघडून त्याचे सुटे भाग कागदावर मांडलेले असताना फोन वाजला.

"बोल. काय बिघडलं?" मेस्त्रीने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला.

"काही नाही," कंडक्टर म्हणाला.

"मग?"

"नुसता ये."

मेस्त्रीला क्षणभर कळेना. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"ती बरी आहे, मी बरा आहे, नळ तर फारच बरा आहे. सगळं धडधाकट आहे. तू नुसता ये. जमेल?"

समोर पंप पोट फाडून पडला होता. "अरे, उद्या लग्न आहे इथे. पाणीच नाही. उद्या ते आटोपलं की येतो. नक्की."

मग कंडक्टर म्हणाला, "बरं. उद्याचं तिकीट उद्या फाडू."

पंप काही मेस्त्रीला वाटला तेवढा हट्टी निघाला नाही. ऊन उतरायच्या आतच पाणी चढलं. हात धुऊन तो घरी निघाला, आणि वाटेत कंडक्टरची गल्ली लागली. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. वरची खिडकी उघडी होती. दोरीवर टॉवेल वाळत होता. जावं, असं त्याला वाटलं. पाऊल उचललंही असेल. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती पलंगाला ओढलेली खुर्ची आली. जाऊन तिच्यावर बसायचं, आणि मग? नळ फारच बरा आहे म्हणाला. मग बघायचं कुठे? तो काही सांगायला लागला, आणि ते तसलं काही असलं, बसून ऐकायचं, तर आपण काय उत्तर द्यायचं? उद्या जाऊ, त्याने स्वतःला सांगितलं. उद्या लग्नाचा विषय तरी असेल बोलायला. आणि तो सरळ पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाहुणे पांगले. मेस्त्री लाउडस्पीकरची वायर कोपरावर गुंडाळत होता, तेव्हा त्याची बायको बाकांमधून जवळजवळ धावत आली.

"अहो, ठेवा ते खाली."

"एवढी वायर झाली की..."

"अहो, ठेवा म्हणते ना."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने वायर सोडली.

दुसरा झटका आला होता. वहिनी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या, तेवढ्यात. घंटासुद्धा वाजली नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं. कितीतरी अनोळखी माणसं आली होती, त्याच्या बसमधली. मेस्त्री सकाळपासून कामात होता. बाहेर उभे राहतील त्यांच्यासाठी स्पीकर बाहेर काढला, जास्तीची बाकं लावली. शवपेटीचं झाकण लावायची वेळ आली तेव्हा सुतार त्याच्याकडे बघून बाजूला झाला, आणि मेस्त्रीनेच स्क्रू पिळले. हातांना काम ठाऊक होतं. ते नेहमीसारखं नीट झालं. पाळक म्हणाले, "आपल्या दिवंगत बंधूंना शेवटच्या काळात एका मित्राने जी साथ दिली, ती या मंडळीने विसरू नये." माणसांनी मागे वळून बघितलं. या वेळी मेस्त्रीला बाहेर जाता आलं नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि पाळकांनी आता पुढचं काही बोलू नये, एवढीच प्रार्थना करत होता.

मग पुष्कळ दिवस तो त्या घराकडे फिरकला नाही. गल्ली टाळण्यासाठी मागच्या रस्त्याने जायचा. बायको मात्र जात होती. एका दुपारी ती म्हणाली, "मी परवा जाऊन आले. आज तुम्ही जा."

"काही बिघडलंय का?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "माणूस गेलंय त्या घरातलं."

तो उठला आणि चपला घातल्या.

वहिनींनी दार उघडलं. "या भावजी," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. पलंग गेला होता. त्या जागी फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट ठसे तेवढे राहिले होते. खुर्ची भिंतीशी सरकली होती. मेस्त्री तिच्यावर बसला. पहिल्यांदाच बसला, हे त्याला बसल्यावर लक्षात आलं.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि समोरच्या भिंतीशी स्टुलावर टेकल्या. दोघांनी एकेक घोट घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मेस्त्री म्हणाला, "नळ कसा आहे?"

"नळाला काय होतंय?" वहिनी म्हणाल्या. "आता नाही बिघडायचा तो."

मेस्त्रीला अर्थ लागला नाही. वहिनींनी कप खाली ठेवला आणि पदराने ओठ टिपले.

"आता सांगायला हरकत नाही. ते मी काढायची. वायसर. हे मला पलंगावरून सांगायचे, कुठे काय फिरवायचं ते. आधी कोपऱ्यातली चावी बंद कर, मग हे सोड, मग ते. मला काय येतंय त्यातलं? भाजीच्या सुरीने स्क्रू काढायची मी. तुम्ही इतकं आवळून ठेवायचा की माझी बोटं सोलून निघायची. मी चिडायची. मी म्हणायची, फोन करून बोलवा ना सरळ, येतील ते. तर म्हणायचे, नाही गं, त्याला काम असल्याशिवाय येता येत नाही. त्याला ओशाळल्यासारखं होतं. आपण त्याला काम देऊ."

मेस्त्रीला स्क्रूंच्या डोक्यांवरचे ओरखडे आठवले. पोरं खेळत असतील, असं त्याला वाटलं होतं. त्या घरात पोरं कुठे होती?

"रागावले नाहीत कधी तुमच्यावर," वहिनी सांगत होत्या. "थट्टा करायचे. एकदा म्हणाले, प्रभूने तरी क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत मित्रांना कुठे काही काम सांगितलं होतं? नुसतं जवळ थांबा म्हणाला. आणि ते झोपले बिचारे. माझा मेस्त्री झोपत नाही, एवढं तरी आहे. तो नळ दुरुस्त करतो."

त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

"त्याला काहीतरी सांगायचं होतं मला," मेस्त्री म्हणाला. "बसून ऐकायची गोष्ट आहे म्हणायचा. तुम्हाला माहीत आहे का, काय ते?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, अजून ठरलं नाही. तो बसला की सुचेल."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मेस्त्रीला वाटलं, आता सांगून टाकावं. गच्चीवरचा फोन, लवकर झालेलं काम, गल्लीचं तोंड. तो खाली बघत शब्द जुळवत होता.

वहिनीच बोलल्या. "आदल्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावर थांबला होता ना?"

मेस्त्रीने मान वर केली.

"ह्यांनी पलंग खिडकीशी घ्यायला लावला होता. तिथून रस्ता दिसायचा. तुम्ही दिसलात तसे मला म्हणाले, आला बघ. पिशवीबिशवी काही बघू नकोस, आधी चहा टाक. मी टाकला. दोन कप भरून आणले, तर म्हणाले, राहू दे, काम असेल त्याला."

"मग?"

"मग काय? त्यांनी नाही घेतला. दोन्ही कप मीच प्यायले."

ते त्यांनी कसलाही आव न आणता सांगितलं, घरात त्या दिवशी काय काय झालं ते सांगावं तसं. त्यामुळे मेस्त्रीला कुठे आडोसाच मिळेना. त्या ओरडल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. त्याने खिडकीकडे बघितलं. कोपरा तिथून स्वच्छ दिसत होता.

"वहिनी, मी..."

"तुम्हाला बोल लावत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण कुणाजवळ बोलू हे? लोक येतात, प्रार्थना करतात, धीर धरा म्हणतात, जातात. त्यांना हे ठाऊक नाहीत. बसमधला कंडक्टर ठाऊक आहे. तुम्हाला शाळेपासूनचे ठाऊक आहेत. म्हणून तुम्हाला सांगते."

मेस्त्री कप हातात धरून बसून राहिला. बोलण्यासारखं काही नव्हतंच. आणि नव्हतं तरी चालत होतं, हे त्याला हळूहळू कळायला लागलं. वहिनी बोलत राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना बसमधून नेलं तेव्हा ह्यांनी सगळ्या गाडीसमोर त्यांचं तिकीट फाडलं आणि वर सुट्टे मागितले, ती गोष्ट. आजारात एकदा नर्सला त्यांनी "पुढे सरका, पुढे सरका" म्हटलं आणि ती खरंच सरकली, ती गोष्ट. मेस्त्री हं म्हणत होता. एकदा हसलाही. आपल्याला एवढंच करायचं होतं, असं त्याच्या मनात येत होतं, आणि प्रत्येक वेळी ते नव्याने लागत होतं. एवढंच. ही खुर्ची, आणि हं.

बोलता बोलता वहिनींचा आवाज मंदावला. वाक्य अर्धं सोडून त्या थांबल्या, भिंतीला डोकं टेकलं, आणि बघता बघता त्यांना झोप लागली. आजारपण सुरू झाल्यापासून दिवसा त्यांचा डोळा लागला नसावा. घंटेकडे कान लावून बसायच्या त्या. आता तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि चेहरा लहान मुलीसारखा सैल झाला होता.

मेस्त्रीचा चहा केव्हाच गार झाला होता. कप ठेवायला वाकावं तर खुर्ची करकरेल, म्हणून त्याने तो तसाच हातात धरून ठेवला. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं आणि फिकं झालं. पाय अवघडले. समोर फरशीवर ते चार ठसे होते. आज त्याने त्यांच्यावरून नजर काढली नाही.

अंधारून यायला लागलं तेव्हा वहिनी दचकून जाग्या झाल्या. आधी त्या पलंगाच्या जागेकडे वळल्या, मग सावकाश इकडे.

"भावजी? तुम्ही अजून आहात?"

"आहे," मेस्त्री म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.